हिरव्या पट्टीची बाई

रीका रूलफ्सची थोरली नात लग्न करून डेन्व्हरला गेली, ते साल २०१६. त्या लग्नातला नाच रीकाने खुर्चीत बसून पाहिला, पाय स्टुलावर ठेवून, कारण घोटे इतके सुजले होते की नव्या बुटांचे बंद लागेनात. आठवड्याने सू फॉल्सच्या डॉक्टरने सांगितलं, हृदय थकलंय, निम्म्या जोराने चालतंय. मीठ बंद झालं. अंगातलं पाणी काढणारी गोळी सुरू झाली. रोज सकाळी उठल्याबरोबर वजनकाट्यावर उभं राहायचं आणि दोन दिवसांत तीन पौंड वाढले तर फोन करायचा. रीकाला याचं हसू यायचं. उभ्या आयुष्यात तिने जिवंत जनावरं काट्यावर चढवली, आणि आता रोज स्वतः चढायचं, तेही अनवाणी. नवरा गेरिट गेल्यावर ती गावातलं घर मुलाला देऊन शहरात आली होती, मुलीजवळ, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. लिफ्टमध्ये कधी वरच्या मजल्यावरची बाई भेटायची आणि म्हणायची, "शेतावर राहून तब्येत चांगली राहिली असेल ना तुमची?" रीका म्हणायची, "हो."

ऑक्टोबरातली गोष्ट. इस्पितळाच्या मागच्या इमारतीत एक अभ्यास चालला होता. चार तालुक्यांतली म्हातारी माणसं बोलावली होती, काही हृदयाने थकलेली, काही धडधाकट. डुकरांचा एक विषाणू आहे, तो पिल्लांच्या हृदयावर बसतो. तो माणसालाही कधी लागून गेला असेल का, आणि लागला असेल तर चाळीस वर्षांनी हृदय थकतं त्याच्याशी त्याचं काही नातं आहे का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. रीकाने ऑगस्टमध्ये अर्ज भरून दिला होता. आता रक्त द्यायचं होतं. शेजारच्या खुर्चीत आर्नी बसलेला, त्यांच्याच गावचा, तीस वर्षं डुकरांचं खाद्य विकणारा. रक्त काढणारी मुलगी सेलाम, इरिट्रियाची, हाताची हलकी. तिने आर्नीच्या नळीवर तपकिरी पट्टी चिकटवली आणि रीकाच्या नळीवर हिरवी.

"माझी हिरवी का गं?"

"हिरवी म्हणजे ज्यांचा जनावरांशी संबंध आला नाही ते, आजी. तपकिरी म्हणजे आला ते."

आर्नी बाहीचं बटण लावता लावता हसला. "बघ रीका, मी डुकरवाला आणि तू नाजूक बाई. मी तर आयुष्यात डुकराला बोट लावलं नाही. गाडीच्या खिडकीतून पोती मोजली आणि बिल दिलं."

सेलामने कागद उलटून दाखवला. धंदा या रकान्यात रीकाच्याच अक्षरात लिहिलं होतं, गृहिणी. अक्षर शांत होतं, गोल होतं, लिहिताना हात जराही अडखळलेला नव्हता. रीका त्या शब्दाकडे बघत राहिली. हाताच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा दाबून धरला होता तिने, आणि त्या बोळ्याखाली, अगदी सुईएवढ्या जागेत, काहीतरी ठणकत होतं.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. गृहिणी हा शब्द तिने किती वेळा लिहिला असेल? जनगणनेच्या कागदावर, मुलांच्या शाळेत, सरकारी अर्जावर, दवाखान्यात. कुणी जबरदस्ती केली नव्हती. १९५९ साली गेरिट तिला मागायला आला तेव्हा तिच्या वडिलांना म्हणाला होता, माझ्या बायकोला गोठ्यात पाय ठेवावा लागणार नाही. वडील खूश झाले. ती पण झाली. लग्नाला चार महिने झाले नाहीत तोच पहिली डुक्करीण विताना अडली. गेरिटने हात घालून पाहिला. फावड्यासारखा हात, मनगटापर्यंतच गेला आणि जनावर किंचाळलं. मग त्याने रीकाच्या हातांकडे बघितलं. तिने बाही वर केली. तेव्हापासून ती बाही एकेचाळीस वर्षं वरच राहिली. चाळीस डुकरिणी होत्या आधी, मग नव्वद. वर्षातून दोनदा वीण. पण गेरिटचा शब्द दिलेला होता, आणि तो त्याने मोडला नाही, नुसता झाकून ठेवला. रस्त्यावर गाडीची धूळ दिसली की रीका मागच्या बाजूने तळघरात उतरायची. तिथे नळ होता, दगडी फरशी होती, पिवळा साबण होता. डोक्याचा रुमाल काढायचा, अंग खसाखसा धुवायचं, वर येऊन अॅप्रन बांधायचा आणि पाहुण्याला विचारायचं, कॉफी टाकू का? पाद्री यायचा, बँकवाला यायचा, खाद्यवाला आर्नी यायचा. सगळे कॉफी प्यायचे. वास कधी जायचा नाही. कुणी नाक मुरडायचं नाही, कारण न्यू ड्रेंथ गावात प्रत्येक तळघरात असाच एक नळ होता, आणि प्रत्येक घरातली बाई त्या नळाखालून वर येऊन कॉफी टाकत होती. रविवारी चर्चमध्ये त्या सगळ्या ओळीने बसायच्या, प्रवचन लांबलं की पेपरमिंटच्या गोळ्या एकमेकींच्या हातात सरकवायच्या, आणि नखांच्या कडेला राहिलेला तांबूस रंग हातमोज्यात असायचा.

एक गोष्ट गेरिटलाही आवडायची नाही. पिल्लू बाहेर यायचं ते कधी मेल्यासारखं, निळसर, लुळं. रीका त्याच्या तोंडातला चिकटा बोटाने काढायची, मागचे पाय धरून दोनदा झोका द्यायची, आणि मग त्याचं तोंड मुठीत मिटून नाकपुड्यांवर आपले ओठ टेकवून फुंकर घालायची. हलकी. बाळाच्या दुधावर घालतो तेवढी. तीन वेळा, चार वेळा. एकदम त्या ओल्या नाकातून तिच्याच तोंडात श्वास परत यायचा, गरम, खारट. "शी! माणसासारखी वाग," गेरिट म्हणायचा. पण पिल्लू दिव्याखाली नेऊन ठेवायचा तोच.

बसने वळण घेतलं आणि रीकाच्या छातीत नेहमीची धाप आली. तिने डोळे मिटले. १९७४ चा वसंत. त्या साली पिल्लं आजारी पडत नव्हती, नुसती मरत होती. चांगली तीन आठवड्यांची, गुबगुबीत, खाद्याच्या कोठीशी भांडणारी, खाता खाता आडवी व्हायची. जनावरांच्या डॉक्टरने गाडीच्या मागच्या फळीवर एक उघडलं. म्हणाला, इकडे बघ गेरिट. गेरिटने तोंड फिरवलं, रीकाने बघितलं. आक्रोडाएवढं हृदय, आणि त्याच्यावर खडूने ओढावेत तसे पांढरे फराटे. त्या आठवड्यात तिने अकरा पिल्लांना फुंकर घातली होती. पुढच्या आठवड्यात तिला ताप आला. आडवं पडलं की छातीत सुरी फिरवल्यासारखं व्हायचं, म्हणून सहा दिवस ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून झोपली, टेबलावर उशी घेऊन. गावच्या डॉक्टरने विचारलं, कशाला हात लावला होता? गेरिट दारात उभा होता. रीका म्हणाली, कशाला नाही. डॉक्टर म्हणाला, मग मनाचा थकवा आहे.

हे ती विसरली नव्हती. विसरावं असं त्यात तिला काही वाटलंच नव्हतं इतके दिवस. बेचाळीस वर्षं ते पोटात नुसतं पडून होतं, आणि आज एका मुलीने कागदाची बोटभर पट्टी चिकटवली आणि ते उठून बसलं. राग कसला आला होता ते तिला नीट कळेना. आर्नीचा नाही. गेरिटचा थोडा. जास्त राग त्या गोल अक्षराचा आला होता. आणि दुसरी एक गोष्ट तिला लिफ्टमध्ये उभं असताना लख्ख दिसली. हिरव्या नळ्या म्हणजे माप. त्यांच्याशी ताडून तपकिरी नळ्या बघायच्या. आता न्यू ड्रेंथच्या सगळ्या बायकांनी तिच्यासारखंच लिहिलं असणार, विल्माने, योहानाने, सगळ्यांनी, म्हणजे डुकरांत राबलेलं सगळं रक्त हिरव्या पट्टीत, आणि आर्नी तपकिरीत. डॉक्टर दोन्ही ताडणार आणि म्हणणार, काही फरक नाही, डुकरांचा आणि हृदयाचा काही संबंध नाही. काट्यावर आपलाही बूट ठेवून जनावर तोलायचं आणि वजन बरोबर आलं म्हणून वहीत लिहायचं, असा तो कारभार होणार होता.

मुलीने, मार्लाने, ऐकून घेतलं आणि फोन भावाला लावून दिला. ड्वेनकडे आता चोवीसशे डुकरं होती, कंपनीची.

"आई, हे तू कुणाला बोलली नाहीस ना?"

"उद्या बोलणार आहे."

"बाबा सगळ्या गावात काय सांगायचे ते माहीत आहे ना तुला? लोक काय म्हणतील, म्हातारा खोटं बोलत होता?"

"बोलतच होता. मीही बोलत होते. दोघांनी मिळून बोललो, संसार होता तो आमचा."

"आणि माझं काय? डुकरांनी म्हातारी माणसं मरतात असं पेपरात आलं तर?"

"आलं तर ते खरं असेल म्हणून येईल. नाही आलं तर तेही खरं असू दे. ड्वेन, तुझी डुकरं मला ठाऊक आहेत का नाहीत? तू पाळण्यात होतास तेव्हा तुझ्या शेजारी खोक्यात पिल्लं असायची. तुझं दूध आधी त्यांना गेलंय."

ड्वेन म्हणाला, "तरीच मी असा निघालो." मार्ला हसली. रीका हसली नाही.

अभ्यास चालवणारी डॉक्टर कॅरन लिंडक्विस्ट शहरात वाढलेली, पन्नाशीची, नीटनेटकी बाई. तिने रीकाचं सगळं ऐकलं, मधे एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही, आणि उत्तर बदलायला नाही म्हणाली.

"मिसेस रूलफ्स, आजारी माणूस मागे वळून कारण शोधतं. ज्याचं हृदय थकलंय त्याला डुकरं जास्त आठवतात, जो धडधाकट आहे त्याला आठवत नाहीत. म्हणून आम्ही पहिलं उत्तर धरतो. नंतर बदलू देत नाही."

"पहिलं उत्तर खोटं असलं तरी?"

"थोडं थोडं खोटं सगळ्यांचंच असतं. ते दोन्हीकडे सारखं वाटलं जातं."

"इथे नाही वाटलं जात. इथे खोटं फक्त बायकांनी लिहिलंय."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं.

"मग माझं रक्त परत द्या," रीका म्हणाली.

"परत?"

"तुमच्याच कागदावर आहे, कधीही माघार घेता येईल. मी घेते. नळी ओतून टाका नाहीतर डबीत घालून द्या, पण खोट्या खोक्यात माझं रक्त ठेवायचं नाही. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, बाई. माझ्याकडे आता एवढंच उरलंय, ते तरी खऱ्या जागी जाऊ दे."

दम लागला तिला. डॉक्टरने पाणी पुढे केलं. रीकाने दोनच घोट घेतले, दिवसाचं पाणीही मोजून होतं. मग डॉक्टर हळूच म्हणाली, "तुम्ही काय विचारलं असतं?"

"धंदा विचारला नसता. विचारलं असतं, डुक्करीण अडली तर हात कुणाचा आत जायचा? आमच्या पुरुषांचे हात बघितलेत? दार उघडायला बरे. ज्याचा हात लहान त्याचं ते काम. आता तुम्हीच सांगा, घरात लहान हात कुणाचे असतात?"

डॉक्टरने आपल्या हाताकडे बघितलं. ते तिचं तिलाही कळलं नसावं.

महिन्याने ती स्वतः रीकाच्या खोलीवर आली. अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीने परवानगी दिली होती. नळ्या अजून उघडल्या नव्हत्या. त्या उघडायच्या आत सगळ्यांना, आजारी असो की धडधाकट, पुरुष असो की बाई, नवे प्रश्न विचारायचे, कामाचे, हातांचे. कारण सांगायचं नाही. गावातल्या बायकांना चर्चच्या तळघरात एकत्र बसवायचं ठरलं होतं. "पण दोन अटी आहेत," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिने नजर खाली नेली. "प्रश्न तुमच्याकडून आलाय, तुम्हाला कारण माहीत आहे. म्हणून तुमचं उत्तर आता धरता येणार नाही. तुमची नळी अभ्यासातून काढावी लागेल. पूर्ण. ना हिरवी, ना तपकिरी. आणि बाकीच्या बायकांना तुम्ही काही सांगायचं नाही. एक शब्द नाही."

रीका खिडकीकडे वळली. खाली रस्त्यावर बर्फ बाजूला करणारी गाडी चालली होती. मोजलं जावं म्हणून ती भांडली होती, आणि जिंकून आता मोजणीतूनच बाहेर. ते अकरा श्वास, ती सहा दिवसांची खुर्ची, ते पांढरे फराटे पाहिलेले डोळे, हे सगळं कुठल्याच कागदावर जाणार नव्हतं. बाई बरोबर बोलत होती, हेच वाईट होतं. काट्यावरचा बूट आता ती स्वतःच होती. तिला वाटलं, नको म्हणावं. म्हणावं की पहिला माझा हात, मग त्यांचे. छातीत काहीतरी वर चढत आलं आणि ते पाणी आहे की हट्ट, तिला सांगता आलं नसतं. मग तिला नव्वद डुकरिणींची खोली आठवली. वीण चालू असताना जे पिल्लू श्वास घेईना त्याला बाजूला ठेवून पुढच्याकडे वळावं लागायचं कधी कधी, कारण मागून आणखी येत असायची. त्या वेळी विचार करायला कुणी थांबत नसे.

"काढा माझी," ती म्हणाली. "पण तळघरात मी येणार. बोलायचं नाही म्हणालात. बसायचं नाही असं म्हणाला नाहीत."

जानेवारीतल्या बुधवारी सकाळी ड्वेनच तिला गाडीतून घेऊन गेला. उतरताना त्याने तिचा हात धरला आणि सोडेना. "आई, बाबांना..." म्हणाला आणि थांबला. रीका म्हणाली, "बाबांना काय म्हणायचंय ते वर गेल्यावर माझ्याशी बोलू दे." तळघरात एकोणीस बायका होत्या. हॅम घातलेले पाव होते, कॉफीचा मोठा पिंप होता. हॅमचा वास नाकात घेत रीका मागच्या खुर्चीत बसली. खारट म्हणून तिला तो खायचा नव्हता. सेलामने कागद वाटले आणि एकेक प्रश्न मोठ्याने वाचला. डुक्करीण अडली तर हात कुणाचा आत जायचा. वार कोण उचलायचं. पिल्लू श्वास घेत नसेल तर कोण काय करायचं. नर पिल्लं खच्ची कोण करायचं.

पेनं वर राहिली. एकमेकींकडे बघायचं आणि नजर चोरायची. आणि बऱ्याचजणींची नजर मागे रीकाकडे येत होती, कारण गेरिट रूलफ्सचं बोलणं सगळ्यांनी चाळीस वर्षं ऐकलं होतं. विल्मा तिची जाऊ, गेरिटच्या भावाची बायको, ऐंशी वर्षांची. ती सरळ वळून बसली.

"रीका, तू काय लिहिणार गं?"

"मला बोलायची मनाई आहे."

"तुला? मनाई?" विल्मा म्हणाली. "साठ वर्षांत पहिल्यांदाच कुणाला जमलं म्हणायचं."

खसखस पिकली. आणि विरली. पेनं तशीच. रीकाच्या जिभेवर सगळं आलं होतं, शब्दन्‌ शब्द. एक वाक्य बोलली असती तर सगळ्यांनी लिहिलं असतं, आणि लिहिलेलं सगळं फुकट गेलं असतं. तिने तोंड मिटून घेतलं. दातांवर दात ठेवले. दोन्ही हात मांडीवर घेऊन उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसली. आयुष्यभर ती गप्प राहिली होती ती झाकायला. आज गप्प राहणं त्याहून जड जात होतं. धाप वाढत होती. सेलामने लांबून विचारणारी नजर टाकली, रीकाने मान हलवली, नाही. भिंतीवरचं घड्याळ चाललं होतं. योहानाने कागदाची घडी घालायला घेतली.

"मूर्खपणा आहे हा," विल्मा एकदम म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही. "आमच्या ड्यूईला रक्त बघवत नसे. पहिल्या वर्षी पिल्लाला कापायला घेतलं आणि स्वतःच आडवा झाला, गवतात. ते सगळं मी केलं. हजारो केली असतील. आणि मला कुणी विचारलं की मी काय सांगायची? ड्यूईचा हात फार साफ आहे म्हणायची." तिने चष्मा लावला. "देवाघरी गेलाय तो. तिथे त्याला कुणी चाकू देणार नाही. मी लिहिते."

ती लिहू लागली, पेन दाबून, टेबल हलत होतं. योहानाने घडी उलगडली. मग कोपऱ्यातून कुणी विचारलं, "नाकात फुंकर घालायचो, ते कुठल्या प्रश्नात लिहायचं गं?" आणि दुसरी म्हणाली, "तू पण?" आणि तिसरी खाली मान घालून भराभर लिहीत होती, आणि तिचे कान लाल झाले होते. रीका मागे बसून ऐकत होती. तिचं पेन, तिचा कागद नव्हताच. ती काही बोलली नाही.

हेंड्रीका रूलफ्स २०१७ सालच्या मार्चच्या नऊ तारखेला, गुरुवारी सकाळी, सू फॉल्सच्या इस्पितळात हृदय थकून वारली. वय अठ्ठ्याहत्तर. नळ्या त्यानंतर पाच आठवड्यांनी उघडल्या.